कंपनीत पॅरालीगल म्हणून लागलात का? आधी तारखा धरायला शिका

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडची पोरंपोरी हल्ली लॉ करून नाहीतर बीकॉमवर कंपनीच्या लीगलला लागतायत, एमआयडीसीत पाइपवाल्यांकडे, दालमिलवाल्यांकडे, चटईच्या कारखान्यांत, आणि पहिल्या दिवशी त्यांना कोणी नीट सांगतच नाही की काम काय आहे. घरचे विचारतात, म्हणजे ते विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल स्वयंसेवक (पीएलव्ही) का? तर नाही. ते गावोगाव लोकांना मोफत कायदेशीर मदतीची वाट दाखवतात, तुम्ही कंपनीचे करार, नोटिसा आणि तारखा सांभाळायच्या. मी हे काम बरीच वर्षं करतोय आणि माझं पक्कं मत झालंय की बऱ्याच केसेस कोर्टात जायच्या आधी ऑफिसातच हरलेल्या असतात, कुठल्यातरी टेबलावर पडून राहिलेल्या एका पाकिटापायी.

आधी आपली हद्द समजून घ्या. ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ प्रमाणे वकिली फक्त वकिलानेच करायची, म्हणजे ड्राफ्ट तुम्ही करा, फाइल तुम्ही लावा, पण कंपनीतर्फे वकील म्हणून उभं राहणं किंवा बाहेरच्याला फी घेऊन सल्ला देणं हे आपलं काम नाही. आणि ज्यांच्याकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आहे त्यांनी फुलटाइम पगारावर लागलात की बार कौन्सिलला कळवून सनद थांबवायची, हे बरेच जण विसरतात आणि मग अडकतात.

आता चेक. आपल्याकडे सगळ्यात जास्त हेच येतं. एकदा सुरतच्या एका व्यापाऱ्याचा चेक परत आला, शिपायाने बँकेतून रिटर्न मेमो, म्हणजे चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी, आणला आणि अकाउंट्सच्या ट्रेमध्ये ठेवला, त्यावर दोन बिलांचे गठ्ठे आणि एक स्टेपलर, अकाउंटंट भाऊ घरच्या लग्नात, आणि मला तो मेमो सापडला तो चौतिसाव्या दिवशी. चेक परत येण्याच्या केसचं जे कलम, निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं १३८, त्यात बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावीच लागते. मी अक्षरशः घामाघूम झालो होतो. पण चेकची तारीख बघितली तर तीन महिने व्हायला अजून थोडे दिवस होते, म्हणून वकिलांनी चेक परत भरायला लावला, तो परत रिटर्न झाला, नवीन मेमो मिळाला आणि त्यावरून त्याच आठवड्यात नोटीस गेली. चेकची मुदत संपलेली असती तर १३८ हातचं गेलं होतं.

म्हणून मेमो हातात आला की लगेच त्याच्याच पाठीमागे पेन्सिलने लिहा: कधी मिळाला, ३० वा दिवस कोणता. समोरच्याला नोटीस मिळाली की पैसे द्यायला १५ दिवस, ते संपले की पुढच्या एक महिन्यात तक्रार दाखल. नोटिशीतली चेकची रक्कम आणि चेकवरची रक्कम तंतोतंत एक पाहिजे, टायपिंगची एक चूक आणि नोटीसच बाद होऊ शकते. चेक कंपनीचा असेल तर कंपनीलाही आरोपी करा, नुसत्या डायरेक्टरांवर केस टिकत नाही. आणि सुरतचा चेक म्हणून सुरतला जायची गरज नाही बरं का, २०१५ च्या दुरुस्तीपासून आपल्या खात्यात भरलेल्या चेकची केस आपलं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात चालते.

येणाऱ्या नोटिसांसाठी इनवर्डचं, म्हणजे आलेल्या टपालाचं, रजिस्टर ठेवा आणि पाकीट फेकू नका, पत्राला टाचून ठेवा, कारण कधी मिळालं हे पाकिटावरूनच सिद्ध करावं लागतं. सगळ्यात धोक्याची नोटीस दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्याची, ज्याला सगळे आयबीसी म्हणतात, त्यात कलम ८ ची मागणी नोटीस आली की १० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. माल खराब होता, रेटवर वाद होता, जे काही आधीपासूनचं भांडण असेल त्याचे जुने ईमेल, रिजेक्शन नोट लगेच शोधून वकिलांकडे द्या. नोटीस आल्यानंतर उभा केलेला वाद उपयोगाचा नाही. थकबाकी १ कोटीच्या आत असेल तर कंपनीवर दिवाळखोरीचा अर्ज होत नाही, पण म्हणून उत्तर द्यायचं सोडू नका.

खान्देशात धंदा शब्दावर चालतो, मला त्याचा अभिमानच आहे, पण कायद्याला कागद लागतो. व्यापारी फोनवर म्हणतो "दिवाईले पैसा दी टाकसू" आणि तीन दिवाळ्या निघून जातात, इकडे पैशाच्या दाव्याची मुदत ३ वर्षांची. त्या ३ वर्षांच्या आत त्याच्याकडून सहीचं बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे इतकी बाकी आहे हे मान्य करणारं पत्र, घेतलं तर मुदत नव्याने सुरू होते, मुदत संपल्यावर घेतलेल्या सहीने तसं होत नाही. म्हणून मी दर मार्चला सगळ्या पार्ट्यांना ते पत्र पाठवतोच, कोणाला राग आला तरी. आपली कंपनी सरकारच्या उद्यम पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल तर करारात काहीही लिहिलं असो, पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला पाहिजेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. हे समोरच्याच्या अकाउंटंटला शांतपणे लिहून कळवलं की कितीतरी वेळा काम तिथेच होतं.

ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, तर नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय साक्ष्य अधिनियम आहे, त्यात कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, दोन भागांत, एक भाग ज्याच्या ताब्यात फोन किंवा कॉम्प्युटर आहे त्याने भरायचा, दुसरा एक्सपर्टने, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड, टाकायची. सेल्सवाला नोकरी सोडतोय कळलं की त्याच्या कंपनीच्या फोनमधल्या चॅट आधी एक्सपोर्ट करून घ्या आणि फोन फॉरमॅट करू देऊ नका. नवीन माणसाला देण्यासाठी फोन पुसला आणि दोन वर्षांच्या ऑर्डरी गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

करार आला की रेटच्या आधी शेवटची पानं वाचा. मोठ्या कंपन्या चेन्नईचं नाहीतर दिल्लीचं न्यायक्षेत्र टाकतात, आणि दोन लाखांसाठी चाळीसगावचा सप्लायर दिल्लीला जाणार कसा? सहीच्या आधी बोला, निदान मागून तर बघा. स्टॅम्प सहीच्या आधी, सहीच्या वेळी, फार तर सहीनंतरच्या लगेचच्या कामाच्या दिवशी. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात १०० चा स्टॅम्प बऱ्याच कागदांना चालत नाही, ५०० चा लागतो. कमी स्टॅम्पचा करार कोर्ट पुराव्यात घेत नाही, मग कमी पडलेली ड्युटी आणि तिच्यावर दर महिन्याला २ टक्के दंड भरत बसा.

आरओसीचं, म्हणजे कंपनी रजिस्ट्रारकडे फॉर्म भरायचं, काम सीएस (कंपनी सेक्रेटरी) बघतात, पण तारखा तुम्हीही लिहून ठेवा: वार्षिक सभेनंतर हिशोबाच्या एओसी-४ ला ३० दिवस, वार्षिक रिटर्नच्या एमजीटी-७ ला ६०, उशिराला प्रत्येक फॉर्मला दिवसाला १०० रुपये, आणि सलग ३ वर्षं भरलं नाही तर डायरेक्टर ५ वर्षांसाठी अपात्र.

आणि एक, ईमेल लिहिताना जपा. पगारी इनहाउस वकिलाला प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलासारखं गोपनीयतेचं संरक्षण नाही, सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय, मग आपल्यासारख्यांचं काय. "चूक आपलीच आहे, पण कबूल करू नका" असलं वाक्य ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचंच नाही. असं काही असेल तर साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगा आणि बाहेरच्या वकिलांची वेळ घेऊन समोरासमोर बसा.