मृगाआधीची डागडुजी आणि पावसाळी गटार

खानदेशात इमारतींची डागडुजी बहुधा आखाजीनंतर मृगापर्यंतच्या महिनाभरात उरकली जाते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, भिंतींचा रंग, टाक्यांची सफाई आणि झाडांची छाटणी एकाच वेळी चालते, आणि त्या काळात आवारात सांडलेले जे उचलले जात नाही ते पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जाते. न्हाणी-संडासाचे पाणी निदान काही ठिकाणी शुद्धीकरण केंद्रात जाते. पावसाळी गटार मात्र थेट नाल्यात उघडते. धुळ्यातील नाल्यांचे पाणी पांझरेत उतरते, आणि पांझरा काय किंवा गिरणा काय, दोन्ही पुढे तापीलाच मिळतात.

म्हणून काम सुरू करण्याआधी आवाराच्या सर्वांत उंच कोपऱ्यात बादलीभर पाणी ओतून ते कुठे जाते हे त्याच्या मागे चालत जाऊन पाहावे. मी ज्या वसतिगृहाची देखभाल पाहतो तेथील नळाशेजारची जाळी ड्रेनेजला, म्हणजे न्हाणी-संडासाच्या सांडपाण्याच्या वाहिनीला, जोडलेली आहे, असे आम्ही सगळेच कित्येक वर्षे धरून चाललो होतो. बादली ओतली तेव्हा पाणी कुंपणाबाहेरच्या नाल्यात निघाले, आणि रंगारी वर्षानुवर्षे त्याच जाळीवर ब्रश धूत आल्याने पाइपच्या तोंडापासून नाल्याच्या तळापर्यंत डिस्टेंपरचा पांढरा थर बसलेला दिसला. अशा प्रत्येक जाळीवर ऑइलपेंटने ठळक खूण करावी. मिस्त्रीला तोंडी सांगितलेले दुसऱ्या दिवशी नव्या मजुरापर्यंत पोहोचेलच असे नाही.

सर्वांत जास्त लक्ष सिमेंटच्या पाण्याकडे द्यावे लागते, कारण ते कोणालाच घाण वाटत नाही. कोबा किंवा गिलावा झाल्यावर घमेली, थापी, फावडी धुतलेले पाणी नुसते गढूळ दिसते, पण त्याचा सामू (पीएच) १२ च्या आसपास असतो, म्हणजे ते जवळजवळ चुन्याच्या निवळीइतके तीव्र असते. बहुतेक मासे साधारण ६.५ ते ९ सामूच्या पाण्यातच तग धरतात. उपाय सोपा आहे. दोन जुने ड्रम ठेवावेत, पहिल्यात अवजारे खळबळून घ्यावीत आणि दुसऱ्यात विसळावीत. रात्रभरात गाळ खाली बसतो, वरचे पाणी दुसऱ्या दिवशी माल कालवायला चालते, आणि गाळ मे महिन्याच्या उन्हात लवकरच वाळून घट्ट होतो, तो डबरासोबत उचलावा. जमिनीवर सांडलेली सिमेंटची भुकटी खराट्याने झाडून पुन्हा गोणीत भरावी; तिच्यावर पाण्याचा पाइप सोडणे म्हणजे ती आपल्याच हाताने नाल्यात ढकलणे.

पाण्यात विरघळणाऱ्या रंगाचे ब्रश आणि रोलर आधी डब्याच्या कडेला निपटून, जुन्या वर्तमानपत्रावर पुसून मग बादलीत धुवावेत, आणि ते पाणी ड्रेनेजला जोडलेल्या मोरीतच ओतावे. ऑइलपेंटसाठी वापरलेले टर्पेंटाइन झाकणाच्या बरणीत ठेवल्यास रंग तळाला बसतो आणि वरचे निवळ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येते. जुना रंग खरवडताना खाली ताडपत्री अंथरणे टाळू नये. घरगुती रंगातील शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) कायदेशीर मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या थरांत शिसे असण्याची शक्यता धरूनच चालावे आणि खरवडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून पिशवीत बांधावा.

टाकी धुतल्यावर उरणारे ब्लीचिंग पावडरचे पाणी लगेच सोडू नये, कारण त्यातील क्लोरीन अगदी थोडा असला तरी माशांना घातक ठरतो. ते उघड्या ड्रममध्ये दोन-तीन दिवस उन्हात राहू द्यावे आणि ग्रामपंचायतीचा कर्मचारी नळाच्या पाण्याची करतो तीच ओटी टेस्ट करावी, म्हणजे थोड्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून क्लोरीन उरला आहे का ते पाहावे. पाणी पिवळे झाले नाही तर ते मोकळ्या जमिनीत मुरू द्यावे. फरशी घासायचे ॲसिड मी आमच्याकडे बंदच केले आहे.

आवारातील काळी माती हा इथला खास प्रश्न आहे. उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगा पहिले पाणी पिऊन घेतात, पण माती फुगून भेगा मिटल्या की पाणी वरूनच वाहू लागते आणि बारीक कण सोबत नेते. म्हणून खणलेली माती उताराच्या तोंडाशी न टाकता ताडपत्रीखाली ठेवावी, उघड्या वाफ्यांवर पालापाचोळा पसरावा, आणि हवामान खात्याने मुसळधार पावसाचा इशारा दिला असेल तर त्या दिवशी युरिया टाकू नये; तो पाण्यात लगेच विरघळतो आणि तळ्यात पोहोचला की शेवाळ माजते. गटाराच्या कडेचे गवत तणनाशकाने न मारता खुरप्याने काढावे. जनरेटरचे डिझेल सांडल्यास त्यावर लाकडाचा भुसा टाकून तो भुसा वेगळ्या पिशवीत भरावा.

काम चालू असताना जाळ्यांवर गोणपाट टाकणे चांगले, मात्र आभाळ भरून आले की ते काढावे, नाहीतर आवारात पाणी तुंबते. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन शेवटच्या जाळीजवळ जावे आणि वाहते पाणी काचेच्या ग्लासात धरून खिडकीत ठेवावे. तासाभरात तळाला रेती बसली तर झाडण्यात कसूर झाली आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर कुठेतरी काळी माती उघडी आहे, आणि पाऊस थांबताच ती जागा शोधायला निघावे.