जुन्या सतरा नंबरने जाताना

मुंबई-गोवा हायवेने वाटेतली गावं बघत जायचं, तर गाडीचं आधी उरकून टाकू. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना डिकीत आहेत का, एवढं बघा. आमची स्टेपनी लांज्याच्या अलीकडे बसलेली निघाली आणि दोन तास गेले. पावसाळा आणि गणपतीचे दिवस टाळा; नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा.

खरं काम मॅपचं आहे. मुंबई-गोवा महामार्गाचा नंबर आता ६६, पण जुनी माणसं अजून सतराच म्हणतात. रस्ता चौपदरी होताना बरीच गावं बाजूला पडली, काही पुलाखाली गेली. मॅपवर थेट गोवा टाकलंत तर कणकवलीची बाजारपेठ उड्डाणपुलावरून नुसती छपरं म्हणून दिसेल. त्यामुळे एका वेळी एकच गाव टाका, तेही कागदावर लिहून: पेण, महाड, पोलादपूर, संगमेश्वर, राजापूर, कणकवली. सर्व्हिस रोड दिसला की खाली उतरायचं, हे गाडी चालवणाऱ्याला आधीच बजावून ठेवा.

महाडला सावित्रीच्या पुलापाशी गाडी कडेला लावून चालत जा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री इथला ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला आणि दोन एसट्या वाहून गेल्या. पोलादपूरला चहा घ्याच. गेल्या खेपेला एका हॉटेलात दहा बाकडी आणि गिऱ्हाईक आम्ही दोघं. काका कपबशी विसळत म्हणाले, "पूर्वी रात्रीच्या गाड्या थांबायच्या, आता बोगद्याकडे पळतात. ब्रेकसुद्धा मारत नाहीत." कशेडीचा जुना घाट चालू आहे का, ते त्यांनाच विचारा. चालू असेल तर बोगदा सोडून तिकडूनच जा. वळणं आहेत, तेव्हा उलटीची गोळी आणि आलेपाकाच्या वड्या हाताशी असू द्यात.

पायात चपला घाला, बूट नकोत. संगमेश्वरजवळ कसब्याला कर्णेश्वराच्या देवळात जायचं आहे. १६८९ साली संभाजीराजांना पकडलं ते याच भागात. राजापूरची बाजारपेठ हायवेवरून खाली, नदीकाठी. शिवरायांनी इंग्रजांची वखार लुटली ते हेच गाव. दुकानदाराला पुराचं पाणी कुठवर आलं होतं म्हणून विचारलंत, तर तो बोट वर करून फळी दाखवतो, वर कुठल्या साली तेही सांगतो. घाईत असाल तर विचारूच नका.

दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा, रेंज दगा देते. खानावळीत एकच्या आत पोचा, नंतर मासे संपतात. रात्री गाडी चालवू नका, कामं अजून कुठे कुठे चालू असतात. डिकीत दोन रिकाम्या पिशव्या हव्यातच, पेणचे पापड-मिरगुंडं आणि कोकम आगळासाठी. आगळाची बाटली जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून उभीच ठेवा. आमच्या मागच्या सीटवरचा डाग अजून तसाच आहे.