उकळी, वाफ आणि गॅसची टाकी : स्वयंपाकघरातल्या या चुका टाळा

बटाटे उकडत ठेवलेत, पाणी खळखळ उकळतंय आणि आपण गॅस आणखी मोठा करतो. लवकर शिजावेत म्हणून! बटाटे दाद देत नाहीत. उघड्या पातेल्यातलं पाणी समुद्रसपाटीला 100 अंश सेल्सिअसला उकळायला लागलं की तिथेच अडून बसतं. ज्योत वाढवा नाहीतर कमी करा, तापमापीचा पारा हलत नाही. जास्तीची सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी तेवढं आटतं, बटाटे मात्र त्यांच्या वेळेनेच शिजतात. तेव्हा उकळी फुटली की गॅस बारीक करा आणि वर झाकण घाला.

खरंच घाई असेल तर कुकर लावा. आतला दाब वाढला की पाण्याचा उत्कलनांक 120 अंशांच्या आसपास जातो. महाबळेश्वरला नेमकं उलटं. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. तिकडच्या मुक्कामात उघड्या भांड्यातली तूरडाळ लवकर शिजेना, तर डाळ जुनी म्हणून वाण्याला नावं ठेवू नका.

पातेल्यावरचं झाकण स्वतःकडे उघडू नका. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला 100 कॅलरी लागतात, पण त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. शाळेत याला अप्रकट ऊष्मा म्हणायचे. वाफ हातावर येऊन तिचं पाणी झालं की त्या 540 कॅलरी कातडीत उतरतात, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे. आणि मुलांना वाफ दाखवताना पांढऱ्या ढगाकडे बोट दाखवू नका. ते पाण्याचे बारीक थेंब. किटलीच्या तोटीला लागूनच जी बोटभर मोकळी जागा दिसते, खरी वाफ तिथे असते. ती दिसत नाही.

माठाला हौसेने ऑइलपेंट लावणारे बरेच भेटतात. रंगाने मातीची छिद्रं बुजतात, पाणी पाझरत नाही, बाष्पीभवन थांबतं आणि उरतो फक्त शोभेचा माठ. खिडक्या बंद करून कूलर लावणं हीही त्याच जातीची चूक. खोलीतली हवा दमट झाली की पाणी उडणार कुठे? नागपूरच्या मे महिन्यात गारवा देणारा कूलर मुंबईत नुसता चिकचिकाट करतो तोही याचमुळे.

काचेची बाटली काठोकाठ भरून फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, बाटली तडकते.

आता सगळ्यात धोक्याची चूक : गॅस संपत आला की टाकी आडवी करणं. टाकीत खाली द्रवरूप गॅस असतो, वरच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ, आणि शेगडीकडे ही वाफच जायला हवी. टाकी आडवी केली की द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो. बाहेर पडल्यावर त्याचा सुमारे अडीचशेपट गॅस होतो आणि ज्योत भडकते. थंडीत ज्योत बारीक होते, कारण द्रवाची वाफ व्हायला लागणारी उष्णता टाकीला बाहेरून पुरेशी मिळत नाही. तरी ती गरम पाण्यात ठेवू नका. टाकी उभीच राहू द्या आणि नंबर आठवडाभर आधी लावा.