झेब्राफिशच्या भ्रूणात रसायन किती शिरते, हे कसे मोजावे

रसायनांची तीव्र विषारीता झेब्राफिश या लहान माशाच्या भ्रूणांवर तपासण्याची ओईसीडीची (आर्थिक सहकार्य व विकास संघटनेची) 236 क्रमांकाची पद्धत 2013 मध्ये स्वीकारली गेली. तिच्यात 96 तासांच्या काळात अंड्यातील द्रव्य साकळले का, कायखंड (शरीराच्या लांबीवर ओळीने बनणारे पेशींचे खंड) तयार झाले का, शेपटी पीतकापासून (अंड्यातील पोषक बलकापासून) सुटली का आणि हृदय चालते का, हे चार प्रश्न विचारून मृत्यू नोंदवला जातो. मात्र या नोंदीत भ्रूणाच्या आत रसायन किती पोहोचले, याचा आकडा नसतो. परिणाम न दिसलेले रसायन सौम्य असू शकते किंवा ते आत गेलेलेच नसू शकते. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या असतील, तर शोषण स्वतंत्रपणे मोजण्याला पर्याय नाही.

प्रयोगासाठी ताजी अंडी घ्यावीत. फलित अंडे सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या मण्यासारखे पारदर्शक दिसते. आत पीतकाचा गोळा, त्यावर विभागत चाललेल्या पेशी, भोवती द्रवाने भरलेली मोकळी जागा आणि सर्वांत बाहेर कोरिऑन नावाचे कवच असते. दुधासारखी पांढुरकी पडलेली अंडी बाजूला काढावीत. फलनाचे प्रमाण 70 टक्क्यांहून कमी असेल, तर ती तुकडी वापरू नये. हा मासा मूळचा दक्षिण आशियातील उबदार पाण्यांचा असल्याने तापमान 26 अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर ठेवावे आणि फलनानंतर 3 तासांच्या आत अंड्यांचा रसायनाच्या द्रावणाशी संपर्क सुरू करावा.

द्रावण बनवताना दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. डीएमएसओसारखा (डायमिथिल सल्फॉक्साइडसारखा) विद्रावक, म्हणजे रसायन विरघळवणारा द्रव, अपरिहार्य असेल, तर त्याचे प्रमाण लिटरला 100 मायक्रोलिटरच्या वर जाऊ देऊ नये, कारण अधिक डीएमएसओमुळे कोरिऑनची पारगम्यता वाढते आणि मग मोजले जाणारे शोषण नैसर्गिक राहत नाही. दुसरे म्हणजे, मेदात सहज विरघळणारी रसायने प्लॅस्टिकच्या भिंतींना चिकटतात. त्यामुळे वेलप्लेट (‘वेल’ नावाचे छोटे खळगे असलेली प्लॅस्टिकची तबकडी) आदल्या दिवशी त्याच द्रावणाने भरून ठेवावी किंवा सरळ काचेच्या कुप्या वापराव्यात. मी काचेच्या बाजूने आहे. संपर्काच्या सुरुवातीला आणि शेवटी पाण्यातील प्रत्यक्ष संहती मोजावीच. बाटलीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबून राहू नये.

ठरावीक वेळांना, उदाहरणार्थ 6, 24, 48, 72 आणि 96 तासांनी, प्रत्येकी 10 भ्रूणांचे काही गट बाहेर काढावेत. त्यांना थंड, स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा भराभर धुवावे, शेवटचे धुवण तपासणीसाठी राखून ठेवावे, उरलेले पाणी बारीक पिपेटने टिपून भ्रूण लगेच गोठवावेत. पुढे ते मिथेनॉलमध्ये कुटून, अपकेंद्रण करून (वेगाने फिरवून गाळ खाली बसवून), वरचा निवळ द्रव रसायनाचे प्रमाण मोजणाऱ्या वस्तुमान पंक्तिमापकाला (मास स्पेक्ट्रोमीटरला) द्यावा. काही भ्रूण द्रावणात क्षणभर बुडवून तत्काळ काढावेत आणि त्यांच्यावरही हेच सोपस्कार करावेत. त्यांच्यात जे रसायन सापडेल, ते शोषलेले नसून पृष्ठभागाला लागून आलेले असते, म्हणून ते वजा करावे.

गणित एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. पाण्यातील संहती लिटरला 100 मायक्रोग्रॅम आहे, 10 भ्रूणांत मिळून 50 नॅनोग्रॅम रसायन सापडले आणि एका भ्रूणाचे वजन 0.5 मिलिग्रॅम आहे, असे धरू. दर भ्रूणात 5 नॅनोग्रॅम, म्हणजे किलोला 10 मिलिग्रॅम झाले; पाण्याच्या तुलनेत हे प्रमाण 100 पट आहे. आता हे सगळे भ्रूण 2 मिलिलिटरच्या एकाच वेलमध्ये असते, तर? त्या वेलमध्ये मुळात 200 नॅनोग्रॅम रसायन होते आणि त्यातील चौथा हिस्सा भ्रूणांनी ओढून घेतला असता. पाण्याची संहती अशी घसरली, की शोषणाचा वेगही फसवा निघतो. म्हणून दर भ्रूणामागे पाणी भरपूर ठेवावे आणि द्रावण रोज बदलावे.

कवचाचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. कोरिऑनमधील छिद्रे अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास रुंद असतात. तरीही मोठे किंवा धनभारित रेणू त्यात अडकतात अथवा कवचालाच चिकटून बसतात. म्हणून संपर्कानंतर निम्म्या भ्रूणांचे कवच दोन टोकदार चिमट्यांनी अलगद सोलावे आणि कवच व भ्रूण स्वतंत्रपणे तपासावेत. 48 ते 72 तासांच्या दरम्यान भ्रूण कवचातून बाहेर पडतात. त्यानंतर शोषण एकदम वाढले, तर अडथळा कवचाचाच होता, असे समजण्यास जागा आहे. उलट अतिशय मेदस्नेही रसायने मेदयुक्त पीतकात हळूहळू साठत राहतात आणि 96 तासांतही समतोल, म्हणजे आतील प्रमाण स्थिरावण्याची अवस्था, गाठत नाहीत. अशा वेळी शेवटच्या दोन वेळांचे आकडे सारखे आले नाहीत, तर अहवालात ‘समतोल’ हा शब्द वापरू नये.

आयनीभवन होणाऱ्या रसायनांसाठी सामू रोज नोंदवावा. डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधासारखे सौम्य आम्ल कमी सामूला अधिक प्रमाणात भाररहित राहते आणि तेच रूप पेशीपटल सहज ओलांडते. काही रसायने आत शिरताच एबीसीबी4 हे वाहक प्रथिन त्यांना बाहेर ढकलते. सायक्लोस्पोरिन ए देऊन हा वाहक रोखल्यावर आतील प्रमाण वाढले, तर आधीच्या कमी आकड्याचे कारण हाती लागते.

आतील प्रमाण चांगले असूनही परिणाम नसेल, तर चयापचयाकडे वळावे. अ‍ॅलिल अल्कोहोल प्रौढ माशांना अतिशय विषारी असते, कारण त्यांच्या शरीरात त्याचे अ‍ॅक्रोलिन या जहाल विषारी रसायनात रूपांतर होते; कोवळ्या भ्रूणात हे रूपांतर फारच कमी घडत असल्याने तो त्यामानाने तगतो. अशा रसायनाच्या बाबतीत मूळ रेणूबरोबर त्याचे चयापचयी पदार्थही त्याच अर्कात शोधावेत.