‘पण’ म्हणजे दरवेळी ‘बट’ नव्हे

इंग्रजी बोलताना डोक्यात ‘पण’ आला की तोंडातून ‘बट’ बाहेर पडतो. बहुतेक चुकांचं मूळ इथंच आहे. मराठीतला ‘पण’ किमान तीन कामं करतो आणि ‘बट’ त्यातलं एकच करतो.

त्यामुळं आधी ‘पण’ची परीक्षा घ्या. त्याच्या जागी ‘परंतु’ घालून बघा. ‘दुकान उघडं आहे, पण मालक जेवायला गेलाय’ इथं ‘परंतु’ चपखल बसतो, म्हणजे बेधडक ‘बट’ वापरा. ‘मी पण रंकाळ्याला येतो’ इथं ‘परंतु’ बसत नाही, ‘सुद्धा’ बसतो. मग ‘आय अ‍ॅम ऑल्सो कमिंग’ म्हणायचं. तिसरा ‘पण’ आग्रहाचा: ‘अरे, सांग पण!’ इथं दोन्ही शब्द बसत नाहीत. अशा वेळी सरळ ‘जस्ट टेल मी’ म्हणा.

कोल्हापुरात वाक्याच्या शेवटी येणारा ‘पण’ फार चालतो: ‘फोन केल्ता पण.’ इंग्रजीत ‘आय कॉल्ड यू बट’ म्हणून थांबलात, तर समोरचा पुढचं ऐकायला ताटकळत राहील. एक तर ‘बट’ पुढं घ्या, ‘बट आय डिड कॉल यू’, नाहीतर शेवटी ‘दो’ (though) लावा, ‘आय डिड कॉल यू, दो’. ‘बट’नं वाक्य सुरू करू नये असं शाळेत शिकवतात. बोलण्यात आणि साध्या लेखनात ते बिनदिक्कत चालतं.

सगळ्यात जास्त जपायचं ते क्रमाला. ‘बट’च्या नंतर येतं तेच ऐकणाऱ्याच्या मनात राहतं. बाहेरगावच्या पाहुण्याला ‘द मिसळ इज गुड बट व्हेरी स्पायसी’ सांगितलंत तर तो बिचकेल. ‘व्हेरी स्पायसी बट गुड’ म्हणालात तर ताट पुढं ओढेल. शब्द तेच, निकाल उलटा. चपलेच्या गिऱ्हाइकाला मेसेज करतानाही हेच लक्षात ठेवा. ‘वी हॅव द डिझाइन, बट नॉट युअर साइज’ इथं बोलणं नकारावर संपतं. ‘युअर साइज इज सोल्ड आउट, बट वी कॅन मेक इट’ यात सौदा जिवंत राहतो. (शेवटचं वाक्य चप्पल खरंच करून देणार असाल तरच लिहा.)

पावसाळ्यातलं उदाहरण घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट. पाणी 41 फुटांवर असेल तर ‘द रिव्हर हॅज क्रॉस्ड द वॉर्निंग लेव्हल, बट नॉट द डेंजर लेव्हल’. दुसऱ्या भागात क्रियापद पुन्हा लिहायची गरज नाही. स्वल्पविराम ‘बट’च्या आधी येतो. ‘बट’नंतर तो द्यायची सवय चुकीची. ‘स्मॉल बट क्लीन’सारख्या दोन शब्दांच्या जोडीत तर तो मुळीच नको.

‘जरी’ला मराठीत ‘तरी’ लागतो, म्हणून आपण ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’ म्हणतो. इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचा: ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट’. तसंच ‘नव्हे तर’साठी ‘नॉट टुडे बट टुमॉरो’.

‘बट’चा मूळ अर्थ ‘बाहेर, वगळून’ असा होता, आणि तो अजून टिकून आहे. ‘एव्हरीवन बट मी’ म्हणजे माझ्याखेरीज सगळे. ‘नथिंग बट वॉटर’ म्हणजे निव्वळ पाणी. ‘एनीथिंग बट ईझी’ म्हणजे सोपं मुळीच नाही. हा शेवटचा प्रयोग हमखास उलटा समजला जातो. बसमध्ये कुणी ‘द लास्ट स्टॉप बट वन’ला उतरायचं म्हणालं, तर त्याला शेवटच्या स्टॉपच्या एक आधी उतरवा.