रामेनवरची ती गुलाबी चकती घरी कशी करायची

रामेनच्या (जपानी नूडल सूपच्या) बाऊलमध्ये गुलाबी भोवरा असलेली पांढरी चकती दिसते ना, ती नारुतोमाकी, म्हणजे माशाचीच वडी, जपानमधल्या नारुतो सामुद्रधुनीत पाण्याचे मोठे भोवरे होतात त्यावरून हे नाव पडलंय. फ्रोझन शोधत फिरण्यापेक्षा घरी करा, अळूवडी जमते त्याला हे जमतंच.

बाजारात राणी मासा घ्या, स्वस्त आणि पांढरा असतो, कोळीण मावशींना सांगा काटे-साल काढून द्या (सकाळच्या गर्दीत सांगाल तर ओरडा खाल). बांगडा नको, तेलकट आणि काळपट होतो. ३०० ग्रॅम मांस बर्फाच्या पाण्यात २-३ वेळा धुऊन फडक्यात घट्ट पिळा. मग मिक्सरला १ चमचा मीठ, थोडी साखर, एका अंड्याचा पांढरा भाग, २ चमचे कॉर्नफ्लोअर आणि बर्फाचे १-२ खडे घालून चिकट होईपर्यंत फिरवा, आणि हे सगळं थंडच राहिलं पाहिजे हं, मुंबईच्या उकाड्यात भांडं गरम झालं की वडी भुसभुशीत होते, माझी पहिली तशीच गेली. मीठामुळेच चिकटपणा येतो, ते विसरू नका.

पाव भागात गुलाबी फूड कलर घाला, बीट नको, ते शिजल्यावर फिकं पडतं. प्लास्टिक रॅपवर पांढरा थर, वर गुलाबी, सुरळी करून टोकं बांधा, मोदकपात्रात २० मिनिटं वाफवा, लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. कडेची नक्षी हवी तर वाफवण्याआधी सुरळीवर सुशीची (बांबूच्या काड्यांची) चटई गुंडाळा.

पातळ चकत्या कापून शेवटी नूडल्सवर ठेवा.