पूर ओसरल्यानंतर भिंतीआडची बुरशी कशी शोधावी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी चिपळूण शहरात शिरले, आणि त्या वर्षीची गणेश चतुर्थी १० सप्टेंबरला होती. मधल्या ५० दिवसांत गाळ उपसायचा, घर धुऊन काढायचे आणि रंग लावून गणपती बसवायचा, असा विचार कोकणातल्या कोणत्याही कुटुंबाने करणे स्वाभाविकच आहे. परंतु ओल्या भिंतीवर घाईने चढवलेला रंग, विशेषतः ऑइलपेंट, आतली ओल आतच कोंडतो आणि बुरशीला झाकण मिळवून देतो. म्हणून पुढे सांगितलेली तपासणी रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी करावी.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाची जी रेघ उरते, तिच्यापर्यंतच ओल आहे असे समजणे ही पहिली चूक. जांभ्याचा चिरा आणि वीट दोन्ही सच्छिद्र असल्यामुळे, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांच्यात वर चढत राहते. ओलीची वरची कड जिथे दिसते तिथे पेन्सिलीने रेघ मारून शेजारी तारीख लिहावी आणि दर ८ दिवसांनी पाहावे. कड वर सरकत असेल किंवा जागच्या जागी असेल, तर भिंत वाळत नाही आणि शोध त्या रेघेच्याही वर न्यावा लागेल. ओल्या लाकडावर, कागदावर किंवा कापडावर बुरशी धरायला २४ ते ४८ तास पुरतात, तेव्हा ‘अजून काही दिसत नाही’ या समाधानाला फारसा अर्थ नाही.

डोळ्यांआधी नाकाचा उपयोग करावा. खोलीची दारे-खिडक्या रात्रभर बंद ठेवून, पंखा न लावता, सकाळी दार उघडताक्षणी येणारा वास घ्यावा. घरातल्यांचे नाक कुबट वासाला सरावलेले असते, त्यामुळे हे काम शेजाऱ्याला किंवा पाहुण्याला सांगितलेले बरे. वास आला की कपाटे, खण आणि पलंगाचा पेटारा एकेक उघडून तो कुठे तीव्र होतो ते पाहावे.

यानंतर बॅटरी भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरपा उजेड टाकावा, म्हणजे समोरून न दिसणारे फुगे, पोपडे आणि केसाळ थर सावलीमुळे उठून दिसतात. माझ्या अनुभवात सर्वाधिक दगा देते ते भिंतीला खिळलेले प्लायवूडचे कपाट. समोरचा सनमायका पुसला की ते नवे दिसते, पण पाठीचा फळा आणि भिंत यांच्यामधल्या बोटभर जागेत ना उजेड जातो ना वारा. प्लायच्या कडा फुगल्या असतील किंवा सनमायका टिचकी मारल्यावर पोकळ वाजत असेल, तर सुताराकडून निदान एक पाठफळा काढून घ्यावाच. स्वयंपाकघरातील ट्रॉल्या पूर्ण बाहेर ओढून त्यांच्या खालची पट्टी काढावी. देवाच्या तसबिरी उतरवून त्यांची मागची बाजू पाहावी. पाणी छतापर्यंत पोहोचले असेल, तर पीओपीच्या छतातील दिवा काढून त्याच्या भोकातून आत डोकावावे. स्विचबोर्डाची खोकी मात्र मुख्य वीजपुरवठा बंद करून इलेक्ट्रिशियनकडूनच उघडवावीत, कारण भिंतीतल्या वायरींच्या नळ्यांत पाणी साचून राहते.

सापडलेला प्रत्येक डाग बुरशीचाच असतो असे नाही. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन पांढरी भुकटी धरते, तिला लोणा म्हणतात. ती बोटाने चुरली तर खरखरीत लागते आणि पाण्याच्या थेंबात विरघळते, तर बुरशी विरघळत नाही, चिकट फासली जाते. काळ्या डागावर ब्लीचच्या द्रावणाचा एक थेंब टाकून १-२ मिनिटे थांबावे. डाग फिका पडला तर बुरशीची शक्यता अधिक, काळाच राहिला तर बहुधा गाळ किंवा काजळी. ब्लीच संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो.

काहीच दिसत नसेल आणि वास मात्र येत असेल, तर दीड फूट लांबी-रुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर घट्ट बसवावा आणि २४ तासांनी पाहावे. आतल्या बाजूला दव जमले तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ती हवेतली आहे. ओलावा मोजण्याचे यंत्र मिळाल्यास लाकडासाठी २० टक्क्यांच्या वरचे माप धोक्याचे मानावे. गिलाव्यावरचा आकडा मात्र तसाच खरा धरू नये, तर पाणी न लागलेल्या वरच्या मजल्यावरील तशाच भिंतीच्या आकड्याशी ताडून पाहावा.

पाठफळे काढताना एन-९५ मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा. पंखा बंद असावा, आणि दम्याच्या व अनियंत्रित मधुमेहाच्या रुग्णांनी त्या खोलीत थांबू नये. ज्या वर्षी चिपळूण बुडाले त्याच वर्षी ‘काळी बुरशी’ या नावाने म्युकरमायकोसिसची धास्ती पसरली होती, म्हणून सांगतो: ते नाव त्या आजारात काळ्या पडणाऱ्या ऊतींवरून पडले आहे, त्यामुळे भिंतीवरचा काळा रंग पाहून तोच रोग घरात आला असे मानण्याचे कारण नाही.

बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर हवेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्यावर पैसे घालवू नयेत. बुरशीचे बीजाणू कोणत्याही घराच्या हवेत असतातच, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही घरातील बुरशीसाठी मर्यादा ठरवलेली नाही. तोच पैसा पाठफळे काढण्यावर खर्च करावा. पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असल्याने खिडक्या उघडून भिंत फारशी वाळत नाही, म्हणून गणपतीत चुन्याचा हात देऊन भागवावे, ऑक्टोबरच्या उन्हात प्लॅस्टिकची चाचणी त्याच जागी पुन्हा करावी, आणि आतली बाजू कोरडी निघाली तरच रंगाऱ्याला तारीख द्यावी.